ग्रंथांच्या सहवासांतील एक श्वान

वाङ्मयाच्या इतिहासांत ग्रंथकारांच्या गुरूंची, स्नेह्यांची व टीकाकारांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या मुक्या सोबत्याच्या संगतींत ग्रंथ वाचले आणि लिहिले गेले, त्याची विचारपूस बहुधा कोणी करीत नाहीं. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हिच्या फ्लश नांवाच्या कुत्र्याचें भाग्य मात्र वेगळें. व्हर्जिनिया वुल्फ हिनें १९३३ सालीं त्याचें चरित्रच प्रसिद्ध केलें. तें पुस्तक इतकें गोड आहे कीं, वाचक त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहतात आणि मूळ हकीकत बाजूला राहते. पुष्कळ वाचलेल्या माणसाच्या हातून प्रसंगीं काय घडतें, या प्रश्नाशीं त्या हकीकतीचा संबंध आहे. म्हणून ती येथें नीट पाहूं.

एलिझाबेथचा जन्म १८०६ सालचा. घरची संपत्ति जमेका बेटांतील उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून, आलेली. मुलीच्या वांट्याला शाळा आली नाहीं. पण घरांत पुस्तकें होतीं, आणि भावाच्या शिक्षकापाशीं बसून तिनें ग्रीक भाषेचा ओनामा गिरविला. पुढें ह्यू स्टुअर्ट बॉइड या अंध पंडिताला ती ग्रीक ग्रंथ वाचून दाखवी. ईस्किलसच्या 'प्रॉमीथियस' नाटकाचें तिनें केलेलें भाषांतर १८३३ सालीं छापलें गेलें. पंधराव्या वर्षाच्या सुमारास जें दुखणें मागें लागलें, तें मात्र कायमचें सुटलें नाहीं. अशा प्रकृतीला ग्रीक ग्रंथांचा ताण सोसावयाचा नाहीं, असें वैद्यांचें मत. तेव्हां प्लेटोच्या ग्रंथाची एक लहानशी प्रत कादंबरीसारखी दिसेल अशी बांधवून तिनें जवळ ठेविली होती, असें तिची मैत्रीण मेरी रसेल मिटफर्ड हिनें लिहून ठेविलें आहे. कादंबऱ्या लपवून तत्त्वज्ञानाचीं पुस्तकें वर ठेवणारे वाचक आपण सर्वांनींच पाहिले आहेत. येथें प्रकार अगदीं उलटा होता.

१८४० च्या जुलै महिन्यांत टॉर्की येथें तिचा लाडका भाऊ एडवर्ड समुद्रांत बुडून मृत्यु पावला. तिच्याच आग्रहास्तव तो तेथें राहिला होता. या आघातानें ती पार खचली. अशा वेळीं, १८४१ च्या जानेवारींत, मिस मिटफर्ड हिनें तिला सोनेरी केसांचें एक कॉकर स्पॅनियल जातीचें कुत्रें पाठविलें. तेंच हें फ्लश. त्याच वर्षीं ती लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरच्या घरीं परतली, आणि एका खोलींत दोघांचा संसार सुरू झाला. होमर व चॉसर यांचे अर्धपुतळे, पुस्तकांचीं फडताळें, खिडकींत चढविलेल्या वेली आणि एक कोच, एवढेंच तिचें जग. दिवसभर ती ग्रीक, हिब्रू आणि फ्रेंच पुस्तकांत गढलेली असे, आणि फ्लश तिच्या पायांशीं पडून राही. ताटांतले न खपणारे घांस त्याच्या मुखीं जात. त्यालाही अक्षरें व अंक शिकविण्याचा खटाटोप तिनें करून पाहिला, आणि त्याची गंमत पत्रांतून स्नेह्यांना कळविली. इतर कुत्रीं रानांत सशामागें धांवत असतां हा मात्र आजाऱ्याच्या खोलींत सुखानें राहिला, या कृतज्ञतेनें तिनें त्याच्यावर एक कविताही लिहिली.

हें वाचन नुसता वेळ घालविण्याचा उद्योग नव्हता. खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयींचा सरकारी अहवाल तिनें वाचला, आणि १८४३ सालीं त्या मुलांचा आक्रोश कवितेंत उतरविला. १८४४ च्या काव्यसंग्रहानें तिची कीर्ति पसरली. पण दुःख जाणणें निराळें आणि दुःखाच्या दारीं जाणें निराळें. लंडनची दैन्यवस्ती तिला कागदावरूनच ठाऊक होती.

तेथें तिला नेलें तें फ्लशनें. त्या काळीं लंडनमध्यें श्रीमंतांचीं कुत्रीं पळवून खंडणी उकळण्याचा धंदा तेजींत होता. जुन्या इंग्रजी कायद्यानें कुत्र्याची चोरी ही खरी चोरीच समजली जात नसे. १८४४ सालीं पार्लमेंटची एक समिति या प्रश्नावर बसली आणि १८४५ सालीं स्वतंत्र कायदा झाला, तरी धंदा थांबला नाहीं. फ्लश तीन वेळां चोरीला गेला. तिसऱ्यांदा १८४६ च्या १ सप्टेंबर रोजीं.

या सुमारास कवि रॉबर्ट ब्राउनिंग याच्याशीं तिचा गुप्त विवाह ठरत होता. कारण आपल्या अपत्यांपैकीं कोणीही लग्न करूं नये, असा वडिलांचा हट्ट होता. खंडणी देऊं नये असें ब्राउनिंगचें मत पडलें. अन्यायाला पैसा पुरविल्यास अन्याय वाढतो, हा त्याचा युक्तिवाद खोडण्याजोगा नव्हता. एलिझाबेथनें उलट विचारलें कीं, उद्यां इटलींत लुटारूंनीं मलाच धरून नेलें, तर तुम्ही काय कराल? तत्त्व सांभाळावयाचें, पण त्याची किंमत एका विश्वासू मुक्या जीवानें कां द्यावी, हा तिचा प्रश्न होता. घरच्यांचा विरोध न जुमानतां, विल्सन या दासीला बरोबर घेऊन, ती गाडी करून शोरडिचच्या गल्लींत चोरांच्या म्होरक्याच्या दाराशीं गेली. वर्षानुवर्षें कोचावर पडून असलेल्या बाईनें हें केलें! अखेर तिच्या भावानें सहा गिनी मोजून शनिवारीं, ५ तारखेला, फ्लशला परत आणलें.

पुढच्या शनिवारीं, १२ सप्टेंबरला, मेरीलबोनच्या चर्चमध्यें तिनें विवाह केला. आणि त्यापुढच्या शनिवारीं विल्सन व फ्लश यांसह बापाचें घर सोडून ती इटलीच्या वाटेला लागली. कुत्र्यामुळें लग्न झालें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें आधींच ठरलेलें होतें. परंतु घराबाहेर एकटीच्या जबाबदारीनें पाऊल टाकतां येतें, याचा अनुभव तिला शोरडिचच्या वाटेवर मिळाला, हें नाकारतां यावयाचें नाहीं. पुढें 'ऑरोरा ली' या १८५६ सालच्या काव्यांत लंडनची गलिच्छ वस्ती तिनें धीटपणें रंगविली, यांतही आम्हांस नवल वाटत नाहीं.

फ्लॉरेन्समध्यें फ्लश सांखळीवांचून हिंडला. १८५४ सालीं तो वारला आणि तेथेंच, त्यांच्या बिऱ्हाडाच्या तळघरांत, त्याला मूठमाती मिळाली. एलिझाबेथ १८६१ सालीं गेली.

स्वर्गाच्या दारीं उभ्या असलेल्या धर्मराजानें मागून आलेल्या श्वानाला टाकण्याचें नाकारलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेथें इंद्राचा नियम होता, येथें ब्राउनिंगचें तत्त्व होतें, दोन्हीही वंदनीय. पण नियम पुस्तकांतून कळतो, आणि तो कोणाच्या जिवावर पाळावयाचा नाहीं हें अंतःकरणालाच ठरवावें लागतें. आयुष्यभर प्लेटो वाचलेल्या या बाईला तें ठरवितां आलें. तिचें वाचन सार्थकीं लागलें, असें आम्ही म्हणतों तें याकरितांच.