विकत घेतलेले यंत्र कोणाचे?

घरातील यंत्र हाताळण्याची सवय डोक्यापेक्षा बोटांत अधिक मुरलेली असते. जुन्या रेडिओच्या काचेवर मुंबई, दिल्ली, कोलंबो, लंडन अशी नावे छापलेली असत, आणि काटा कोठे आणून थांबवायचा हे अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंच्या हातालाही ठाऊक असे. रेडिओ एकदा दुकानातून घरी आला, की ज्या कारखान्यात तो तयार झाला त्याचा त्याच्याशी असलेला संबंध जवळजवळ संपून जाई. बिघाड झाला तर गावातला दुरुस्तीवाला येई, आणि फार तर एखादी काचेची नळी बदलून जाई. पण आवाजाची कळ डावीकडून उचलून उजवीकडे नेण्याचा, किंवा कोलंबोचे नाव काचेवरून पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, आणि तशी सोयही नव्हती.

ती सोय आता झाली आहे. इंटरनेटवरून गाणी, बातम्या आणि चित्रपट घरी आणणाऱ्या यंत्रांच्या पोटात एक आज्ञावली असते, आणि ती बदलण्याची किल्ली यंत्र विकल्यानंतरही कारखानदाराच्याच खिशात राहते. घरातील माणसे निजलेली असताना यंत्र नवी आज्ञावली उतरवून घेते. तिला सर्वत्र ‘अपडेट’ म्हणतात. सकाळी पाहावे तो नेहमीचे बटन जागेवर नाही, आवडीच्या गाण्यांची यादी कोठे गेली ते कळत नाही, आणि ज्या कोपऱ्यात घड्याळ होते तेथे जाहिरात येऊन बसलेली असते. यावर कोणी चिडला, तर त्याला नव्याचे वावडे आहे असे म्हणून ते हसण्यावारी नेण्याची रीत पडली आहे. नव्याचे वावडे ही खरी गोष्ट आहे, परंतु या गाऱ्हाण्याचे मूळ तेवढेच नाही.

त्याचे मूळ शोधायचे, तर थोडे मागे, अमेरिकेतील टेलिफोनच्या काळात जावे लागते. तेथील टेलिफोनचा बहुतेक सारा व्यवहार कित्येक दशके एकाच प्रचंड कंपनीच्या, म्हणजे ‘बेल सिस्टीम’च्या हाती होता. गिऱ्हाइकाच्या मेजावरचे यंत्रसुद्धा त्याच्या मालकीचे नसे. ते कंपनीचे, आणि गिऱ्हाईक केवळ त्याचा भाडेकरी. अशी सर्व सत्ता हाती असलेल्या कंपनीने मनात आणले असते, तर तिने दरवर्षी टेलिफोनचे रूप पालटले असते. प्रत्यक्षात झाले ते उलटेच. फिरत्या तबकडीच्या जागी बटने आणावयाची असे ठरल्यावर कंपनीच्या प्रयोगशाळेने माणसांच्या बोटांचा अभ्यास हाती घेतला. जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या विभागात दहा बटने किती तऱ्हांनी मांडता येतील हे पाहण्यात आले. पाच-पाचच्या दोन ओळी, तबकडीसारखे वर्तुळ, तीन-तीनच्या तीन ओळी व खाली शून्य, असे अनेक नमुने माणसांच्या हाती देऊन त्यांना लागणारा वेळ आणि होणाऱ्या चुका मोजल्या गेल्या. बटन किती जोराने दाबावे लागावे याचेही प्रयोग झाले. या अभ्यासाचा वृत्तान्त १९६० साली प्रसिद्ध झाला, आणि बटनांचा टेलिफोन पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्नेगी व ग्रीन्सबर्ग या गावी गिऱ्हाइकांना मिळू लागला तो १८ नोव्हेंबर १९६३ रोजी. आज जगातील बहुतेक प्रत्येक फोनवर १, २, ३ हे आकडे वरच्या ओळीत दिसतात, ते या प्रयोगांचे फळ होय.

याच कार्लिनविषयी एक गंमतीची हकिकत सांगतात. टेलिफोनच्या दोरीत तांबे फार खर्च होते, म्हणून ती किती आखूड केली तर चालेल हे पाहण्यासाठी त्याच्या माणसांनी सहकाऱ्यांच्या खोल्यांत गुपचूप शिरून, दर तीन दिवसांनी एकेक इंच, दोरी कमी करण्याचा सपाटा लावला. पुरी एक फूट दोरी गेली तेव्हा कोठे लोकांच्या ध्यानात आले! प्रयोग खोडकर खरा, पण त्यातही एक सभ्यता होती. बदल आधी घरच्या माणसांवर करून पाहिला गेला, आणि कोणाला जाचतो का याची वाट पाहिली गेली.

मात्र कंपनीचा प्रत्येक बदल असा सुखाने पार पडला नाही. टेलिफोनच्या क्रमांकाच्या आरंभी त्या काळी विभागाच्या नावाची दोन अक्षरे असत. ती काढून टाकून निव्वळ सात आकडे करण्याचे ठरले, तेव्हा १९६२ साली सॅनफ्रान्सिस्को येथे काही मंडळींनी या आकड्यांविरुद्ध चक्क एक संघ स्थापन केला. पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सभासद झालेले भाषाशास्त्रज्ञ एस. आय. हायाकावा हे त्या संघात होते. गावाच्या, मोहोल्ल्याच्या नावाने ओळखला जाणारा माणूस केवळ आकडा होऊन बसेल ही त्यांची तक्रार होती. शेवटी आकडेच जिंकले. तरीही तो बदल शहराशहरांतून, पायरीपायरीने, पुष्कळ वर्षे चालू राहिला. जुन्या तबकडीचा फोन तर बटने आल्यावरही दशकानुदशके बिनबोभाट चालत होता. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, तेव्हाही सरकारने आणे आणि चवल्या एका रात्रीत मोडीत काढल्या नाहीत. जुने नाणे काही काळ नव्याच्या शेजारी बसून चालत राहिले, आणि बाजारातल्या भाजीवालीला हिशेब नव्याने शिकायला अवसर मिळाला.

आता ज्या घटनेकडे यावयाचे तिच्यात नेमका हा अवसर नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सँटा बार्बरा येथे २००२ साली ‘सोनोस’ नावाची कंपनी निघाली. घरातील प्रत्येक खोलीत एक स्पीकर ठेवावा, साऱ्यांचे सूत एकाच ठिकाणाहून हलवावे, आणि इंटरनेटवरील तसेच संग्रहातील संगीत कोठेही ऐकावे, ही तिची कल्पना. २००५ साली तिचा पहिला माल बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत हातात धरण्याचे एक स्वतंत्र साधन मिळे. त्यावर फिरवण्याचे एक चाक आणि छोटा रंगीत पडदा होता. पुढे हाती मोबाईल फोन आले, आणि फोनवरील ॲप हेच स्पीकरचे खरे सुकाणू झाले. स्पीकर उत्तम वाजत. किंमत भारी असूनही लोक एकेक खोली करीत सबंध घर भरून टाकीत.

कंपनीच्या हातातील किल्लीची जाणीव या लोकांना टप्प्याटप्प्याने होत गेली. २०१८ साली ते चाकाचे जुने साधन कंपनीने आपल्या व्यवस्थेतून बाद केले. जानेवारी २०२० मध्ये तिने जाहीर केले, की अतिशय जुन्या स्पीकरांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नव्या सुधारणा मिळणार नाहीत. एवढा गहजब झाला, की दोन दिवसांत कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यातून वाट निघाली ती अशी: जुन्या मालासाठी जुने ॲप वेगळे ठेवावयाचे, आणि नव्या मालासाठी दुसरे. घराची वाटणी व्हावी तशी ही वाटणी झाली.

मग ७ मे २०२४ हा दिवस उजाडला. नव्या मालाचे ॲप कंपनीने मुळापासून पुन्हा बांधले होते, आणि ते त्या दिवशी जुन्याच्या जागी येऊन बसले. दिसायला ते नीटनेटके होते. पण झोपण्यापूर्वी अमुक वेळाने संगीत आपोआप बंद व्हावे अशी जी सोय होती ती नाहीशी झाली होती. गजर लावण्याची सोय गेली होती. पुढे वाजावयाच्या गाण्यांचा क्रम बदलता येत नव्हता, आणि स्वतःच्या संगणकात वर्षानुवर्षे साठवलेल्या गाण्यांपर्यंत पोहोचणे दुरापास्त झाले होते. आवाज कमी करण्यासाठी बोट फिरवावे तर स्पीकर काही क्षण विचारात पडे, आणि कित्येक घरांत तर एखादा स्पीकर मुळी सापडेनासाच झाला.

यापेक्षाही मोठा अन्याय अंध ग्राहकांवर झाला. पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचून दाखवणारी व्यवस्था फोनमध्ये असते. तिच्या आधारे ही मंडळी जुने ॲप सफाईने वापरीत होती. नव्या ॲपशी त्या व्यवस्थेचे सूत जुळेना. डोळस माणसाला बदललेल्या पडद्यावर शोधाशोध तरी करता येते. ज्याने बटनांचा क्रम ऐकून पाठ केला आहे, त्याच्या दृष्टीने घरातील सामान कोणीतरी रात्रीतून हलवून ठेवावे आणि दारालाही कुलूप घालावे, असा हा प्रकार होता. या प्रकरणात सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे दोष द्यावयाचा तर तो याच गोष्टीला दिला पाहिजे. गजर उशिरा आला म्हणून कोणाचे स्वावलंबन जात नाही.

आरंभी कंपनीची भाषा धैर्याची होती. मुख्य वस्तू पायापासून पुन्हा उभारण्यास धाडस लागते, असे तिच्या एका अधिकाऱ्याने सांगितले. जुने ॲप फार वर्षांचे, ठिगळांवर ठिगळे लावलेले होते, आणि त्यावर नवे काही बांधणे कठीण झाले होते, हे कारण खोटे नव्हते. पण त्याच महिन्याच्या २१ तारखेला कंपनीने आपला पहिला हेडफोन जाहीर केला, आणि ॲपच्या घाईचा या नव्या मालाशी संबंध असल्याचे वृत्तपत्रांनी पुढे लिहिले. २५ जुलै रोजी स्पेन्स यांचे क्षमापत्र आले. ऑगस्टमध्ये त्यांनी सांगितले, की दुरुस्तीस दोन ते तीन कोटी डॉलर खर्च येईल, आणि त्यासाठी दोन नव्या वस्तू मागे ठेवाव्या लागतील. त्याच महिन्यात शंभरेक नोकरांना घरी बसावे लागले. चूक वरच्या मजल्यावर झाली आणि काठी खालच्या मजल्यावर पडली, हे येथेही घडले. ऑक्टोबरमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांनी गुणवत्ता सुधारल्याखेरीज आपला वार्षिक बोनस न घेण्याचे जाहीर केले, हे नोंदले पाहिजे.

लोकांची मागणी साधी होती: जुने ॲप परत द्या. दुकानदाराने नवा माल परत घेऊन जुना द्यावा, तितके हे सोपे असावे असे कोणासही वाटेल. ते सोपे नव्हते, आणि सबंध प्रकरणाचा कणा येथे आहे. ॲप हे केवळ वरचे झाकण होते. त्याच्या आतले कामकाज, म्हणजे स्पीकरांमधली आज्ञावली आणि कंपनीच्या दूरच्या संगणकांवर चालणारी व्यवस्था, यांचेही नव्या पद्धतीकडे स्थलांतर सुरू झाले होते. कंपनीने जुने ॲप पुन्हा चालवून पाहिले. ते आता पूर्वीसारखे चालत नाही, आणि परत दिले तर त्रास वाढेल, असे तिने अखेर जाहीर केले. गिऱ्हाइकाच्या घरात, गिऱ्हाइकाच्या पैशाने घेतलेल्या यंत्राला परतीची वाटच उरली नव्हती. बेल कंपनीचा टेलिफोन भाड्याचा होता आणि तो वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहिला. सोनोसचा स्पीकर मालकीचा होता, आणि तो एका रात्रीत निराळा झाला.

कारखानदार ही किल्ली का सोडत नाहीत, याचे एक उत्तर त्यांच्या जमाखर्चात सापडते. दूरदर्शन संचाला जोडावयाची इंटरनेटची पेटी ‘रोकू’ या अमेरिकन कंपनीने २००८ साली विकण्यास आरंभ केला. दहा वर्षांनी, २०१८ साली, तिचे जाहिराती आणि वर्गण्यांच्या वाट्याचे उत्पन्न पेट्यांच्या विक्रीहून अधिक झाले होते. अशा धंद्यात पेटी हे निमित्त, आणि तिचा पहिला पडदा हाच बाजार. बाजारातील मोक्याची जागा आज एकाला आणि उद्या दुसऱ्याला द्यावयाची, म्हणजे पडदा हलता ठेवणे आलेच. तेथे गिऱ्हाइकाच्या बोटांच्या सवयीला भाव येत नाही. सोनोसचा धंदा असा जाहिरातींवर चालणारा नव्हता, म्हणूनच तिची चूक तिला अधिक महाग पडली असावी. तिला पुढचा स्पीकर त्याच माणसाला विकावयाचा होता.

गेलेल्या सोयी महिन्यामहिन्याने एकेक करून परत आल्या. १३ जानेवारी २०२५ रोजी स्पेन्स पायउतार झाले. संचालक मंडळातील टॉम कॉनराड यांनी आधी तात्पुरती, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून कायमची सूत्रे हाती घेतली.

या धामधुमीत एका गटाला मात्र झळ लागली नाही. २०२० साली ज्यांचे स्पीकर कालबाह्य ठरवून बाजूस सारले गेले, आणि ज्यांना नव्या सुधारणा मिळणार नाहीत असे सांगण्यात आले, त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेले जुने ॲप ७ मे २०२४ रोजी कोणी हलवले नव्हते. त्यांचा गजर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी वाजला.