दारावरची थाप

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक प्रसंग येतो. हेरोद राजाने याकोबाचा तलवारीने वध करविला आणि मागोमाग पेत्राला बंदीत टाकले. यरुशलेमेत योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी मंडळी पेत्रासाठी प्रार्थना करीत जमली होती. त्याच रात्री सुटून आलेल्या पेत्राने दारावर थाप मारली. रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला. पण आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. प्रार्थनेला बसलेल्यांनी तिलाच वेडी ठरविले. जो यावा म्हणून विनवणी चालली होती, तो बाहेर थापा मारीत उभा राहिला.

श्रद्धावंतांची ही फजिती ग्रंथकर्त्याने झाकून ठेवलेली नाही. मागणे मनापासूनचे असते. ते खरोखरच मिळेल, अशी तयारी मात्र मनाची नसते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात याच अनुभवाची एक विलक्षण आवृत्ती आढळते.

१८९६ साली ख्रिस्ती उपासना-शिबिरासाठी रमाबाई लोणावळ्यास गेल्या होत्या. शारदा सदनातील ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या पंधरा मुली त्यांच्यासोबत होत्या. एके दिवशी पहाटे रानात एकान्ती बसून त्यांनी प्रार्थना केली, की पुढील शिबिरापूर्वी या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराच्या दोनशे पंचवीस लेकी व्हाव्यात. मागून झाले आणि त्यांच्याच मनात शंका उभी राहिली. सदनात त्या वेळी मुली होत्या सुमारे पन्नास. साठ-पासष्टांपलीकडे तेथे जागा नव्हती. अमेरिकेतील साहाय्यक मंडळाने दिलेली दहा वर्षांची हमीही संपत आली होती. १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात रमाबाईंनी आपली ही शंका प्रांजळपणे नमूद केली आहे.

पुढे उत्तर आले, पण ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना. केडगावला आधीच घेतलेली शेतजमीन होती. तेथे तात्पुरता निवारा उभारला गेला. 'मुक्ती' नावाने पुढे प्रसिद्ध झालेली वसाहत त्यातूनच वाढली.

येथे वाचकाने थोडे थांबले पाहिजे. एकीच्या प्रार्थनेची पूर्ती व्हावी म्हणून सहस्रावधी लोक उपाशी मरावेत काय? असे कोणी म्हणू लागला, तर ती श्रद्धा क्रूर ठरेल. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्येच रमाबाईंवर मोठे वादळ उठले होते. भुकेलेल्या मुलींना आश्रयासोबत नवा धर्म मिळतो, ही टीकाही क्षुल्लक म्हणून सोडता येणार नाही. परंतु दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८७४च्या सुमारास दक्षिणेत अन्नावाचून झालेल्या हालांत त्यांनी वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण गमावली होती. अनंतशास्त्र्यांच्या कुटुंबानेही अखेरपर्यंत देवाची आराधनाच केली होती. त्या वेळी कोणाचीही थाप दारावर पडली नाही.

याकोब गेला आणि पेत्र सुटला. असे का, हे 'प्रेषितांची कृत्ये' सांगत नाही. आईवडील गेले आणि तीनशे मुली वाचल्या, याचाही हिशेब जुळत नाही. रमाबाईंनी तो जुळविण्यात दिवस घालविले नाहीत. मागितल्या होत्या लेकी. आल्या त्या रोगी, भेदरलेल्या, कित्येकदा अनावर. त्यांना खाऊ घालणे, अंगावर वस्त्र देणे, अक्षरओळख करून देणे, हातांना काम शिकविणे हे पुढील पंचवीस वर्षांचे, १९२२ साली मृत्यू येईपर्यंतचे काम झाले.

आश्चर्य वाटणे हा श्रद्धेतला उणेपणा नव्हे. मरीयेच्या घरातली मंडळीही अखेर उठली आणि त्यांनी दार उघडले, तेव्हा कोठे पेत्र आत आला.