कॅमेरा कोणाच्या हातात?



बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. गटाच्या खात्यात थोडी शिल्लक पडली आहे. लोणच्या-पापडांचे फोटो लागतात, ग्रामसभेचे लागतात, शेतीशाळेचे लागतात. मग गटासाठी एक डिजिटल कॅमेरा घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणता? दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. घरातला मुलगा म्हणतो, "आई, मोबाईल आहे की, कॅमेरा कशाला?" आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो.

आज या प्रश्नाचं उत्तर आपण इतिहासात शोधू या. कॅमेरा आपल्या मुलखात येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. एवढ्या काळात बाईच्या हातात तो कधी आला, कसा आला, हे पाहिलं की कोणता घ्यावा हे आपोआप उमगतं.

सुरुवात मुंबईतल्या वांद्र्यापासून करू. 'उमेद' अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर अनेकदा भरलं आहे. राज्यभरातल्या गटांच्या बाया तिथे माल घेऊन येतात. गिऱ्हाईक येतं, चव घेतं, मोबाईल काढून स्टॉलवर उभ्या असलेल्या ताईंचा फोटो घेतं आणि निघून जातं. फोटोही त्याच्याबरोबर जातो. ताईंना तो पुन्हा दिसत नाही. त्याखाली त्यांचं नाव, गाव, गट काहीच नसतं. माल विकला गेला, पण त्या दिवसाची गटाकडे काय नोंद राहिली?

ही गोष्ट आजची नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तेव्हा फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप होता. काचेवर रसायन फासायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ती वाळायच्या आत अंधारात धुवायची. त्यामुळे हा छंद साहेब लोकांचा, डॉक्टरांचा, पैसेवाल्यांचा राहिला. आपल्याकडची मंडळीही त्यात लवकर उतरली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी फोटो काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा धंदा उभारला. पण कॅमेऱ्यामागे पुरुष आणि समोर बाई, ही वाटणी तशीच राहिली.

याच काळातल्या विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात छापले. माणसांना स्टुडिओत उभं करून फोटो घ्यायचा, ती आकृती कापायची आणि दुसऱ्याच एखाद्या जागेच्या फोटोवर चिकटवायची, अशी त्याची रीत होती. खाली लिहायचं ते जातीचं किंवा जमातीचं नाव. माणसाचं नाव नाही. म्हणजे त्या बाईने कुठे उभं राहायचं, मागे काय दिसायचं, तिला काय म्हणायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवलं. फोटो आजही आहेत. त्या बाया कोण होत्या, हे त्या पानांवरून कळत नाही.

पुढे घरंदाज बायकांनाही फोटो हवेसे वाटू लागले, पण परपुरुषासमोर बसायचं कसं? म्हणून राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंना नेमलं. आपला मराठवाडा तेव्हा याच निजामाच्या राज्यात होता. कॅमेऱ्यामागे बाई उभी राहिली, ती अशी पडद्याच्या निमित्ताने.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे. फिल्म संपली की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. कंपनी फोटो धुऊन देई आणि नवी फिल्म भरून परत करी. रसायनांची कटकट संपली, फक्त बटण दाबायचं राहिलं. मग १९०० साली ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा कॅमेरा आला, किंमत एक डॉलर. जाणकारांनी नाकं मुरडली असतील, पण घराघरांत कॅमेरा पोचवला तो या साध्या डब्याने. कारण तो कोणालाही चालवता येत होता. आपल्याला पहिला धडा इथे मिळतो: गटातल्या सगळ्यांना चालवता येईल तो कॅमेरा चांगला. एकटीलाच येणारा महागडा कॅमेरा ती लग्न होऊन परगावी गेली की कपाटात जातो.

दुसरा धडा होमाई व्यारावाला यांचा. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या या पारशी बाई मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. मुंबईत त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नाव मिळवलं. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून येत ते पती माणेकशा यांच्या नावाने. काढले बाईने, नाव पुरुषाचं! १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, मोठमोठे पाहुणे, सगळं त्यांनी साडी नेसून, जड कॅमेरे खांद्यावर घेऊन टिपलं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. म्हणून मैत्रिणींनो, फोटो कोणी काढला तिचं नाव लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. "गटाने काढला" एवढ्यावर भागवू नका.

आता आपल्या आईच्या, आजीच्या काळात येऊ. बडोद्याला आगफा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा तयार होत असे. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. दहावीचा निकाल, लग्न, बारसं, पहिला ट्रॅक्टर, असं मोजून बारा प्रसंगांना रोल पुरवायचा. फ्लॅश बहुतेकांकडे नसे, म्हणून फोटोग्राफर सगळ्यांना अंगणात उन्हात उभं करी आणि सूर्य स्वतःच्या पाठीशी घेई. ती अडाणी रीत नव्हती. फोटो म्हणजे उजेडाचं काम, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजही बरणीचा फोटो वाईट येतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, तर ट्यूबलाइटखाली काढल्यामुळे. सकाळी ओसरीवर मांडा, मागे साधी पांढरी चादर लावा, फ्लॅश बंद करा. प्लॅस्टिकच्या पाकिटावर फ्लॅश चमकला की आतला पापड दिसतच नाही.

मग आला डिजिटल कॅमेरा. १९७५ साली कोडॅकमध्येच काम करणाऱ्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला नमुना बनवला. वजन सुमारे साडेतीन किलो. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या फोटोत ठिपके होते फक्त दहा हजार. कोडॅकचा सगळा धंदा फिल्मवर होता, त्यामुळे कंपनीने या नव्या वाटेवर पूर्ण भरवसा टाकला नाही. २०१२ साली कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

ते दहा हजार ठिपके लक्षात ठेवा, कारण दुकानातल्या मेगापिक्सेलचा अर्थ तोच आहे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बमात लावतो तो सहा बाय चार इंचाचा फोटो स्वच्छ छापायला साधारण दोन मेगापिक्सेल पुरतात. वहीच्या मोठ्या, ए-फोर पानाएवढा छापायचा तर आठ-नऊ. म्हणजे बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा गटाच्या कुठल्याही कामाला भरपूर झाला. त्यावरच्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. कॅमेऱ्याच्या आत उजेड टिपणारा सेन्सर केवढा आहे? तो मोठा असेल तर संध्याकाळचा, घरातला फोटो चांगला येतो. झूम भिंगाचं आहे की नुसतं डिजिटल? डिजिटल झूम फोटो कापून मोठा करतं, म्हणून तो फुटतो. आणि बॅटरी व चार्जर तालुक्याला सहज मिळतात का?

२००० साली जपानमध्ये मोबाईलमध्येच कॅमेरा आला आणि पुढे सगळं चित्र पालटलं. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे पाठवले होते. दहा वर्षांत तो आकडा एक कोटीच्याही खाली आला. लोक फोटो काढायचे थांबले नाहीत, त्यांनी फोन घेतला. तेव्हा मुलगा म्हणतो त्यात तथ्य आहे. चांगला फोन असेल तर रोजच्या कामाला तो पुरतो.

पण एक प्रश्न मुलगा विचारत नाही. तो फोन कोणाचा? कितीतरी घरांत चांगला फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. तो कामावर गेला की फोनही गेला. स्वतःचा असला तरी त्यात आपले निरोप, बँकेचे मेसेज, माहेरच्या गोष्टी असतात. तो दहा जणींच्या हातात द्यायला जीव धजत नाही. साधा कॅमेरा मात्र गटाचा असतो. त्यात सिम नाही, कोणाचं खासगी काही नाही. गटाच्या नावाने बिल घ्यायचं, जडवस्तूंच्या वहीत नोंद करायची आणि सही करून आळीपाळीने न्यायचा. माझ्या मते कॅमेरा घ्यायचं खरं कारण हेच आहे. गटातल्या प्रत्येकीच्या हाताशी तिच्या हक्काचा फोन असेल, तर ते पैसे वाचवा, एक साधं स्टँड घ्या. नसेल तर छोटा कॅमेरा घ्या, जुना पण चालू स्थितीतला मिळाला तरी चालेल. भिंगात बुरशीचे पांढरे धागे नाहीत ना, हे तेवढं उजेडात धरून पाहा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बुरशी फार धरते. म्हणून कॅमेरा ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

फोटो आता नुसती हौस राहिलेली नाही. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो घेऊन हजेरी लावायची सक्ती झाली. फोटो नीट चढला नाही की हजेरीचा आणि मग मजुरीचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कामावर किती जणी होत्या, याचा आपल्याकडेही तारखेसह फोटो असला तर तक्रार करताना हाताशी काही असतं. म्हणून कॅमेरा घेतला की आधी त्यातली तारीख आणि वेळ बरोबर लावा.

एक इशारा पुन्हा वांद्र्याहून. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बॅंडस्टँडला खडकांवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या. एक मुलगी बुडाली आणि वाचवायला उडी घेतलेला माणूसही गेला. त्यानंतर पोलिसांनी मुंबईतल्या धोक्याच्या जागा ठरवल्या. आपल्याकडे समुद्र नसेल, पण विहिरीचा काठ, धरणाची भिंत, रेल्वेचा रूळ आहेच. पडद्याकडे पाहताना पायाखालचं दिसत नाही. एकीने फोटो काढायचा, दुसरीने तिच्याकडे लक्ष ठेवायचं, हा नियमच करा.

आणि शेवटचं, जपणुकीचं. आजीचा बारा फोटोंचा रोल अजून ट्रंकेत सापडतो. आपले हजारो फोटो फोन बिघडला की एका दिवसात जातात. म्हणून दर महिन्याच्या बैठकीत दहा फोटो निवडा. एक प्रत मेमरी कार्डवर, एक पेनड्राइव्हवर, ती दुसऱ्या घरी ठेवायची, आणि दोन-चार चांगले छापून गटाच्या अल्बममध्ये. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा: तारीख, गाव, फोटोतल्या बायांची पूर्ण नावं आणि फोटो काढणारीचं नाव.

दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकात बायांची नावं लिहायची कोणाला गरज वाटली नाही. आपल्या अल्बममध्ये एकही फोटो बिननावाचा राहता कामा नये. पुढच्या बैठकीत कॅमेऱ्याचा विषय घ्याल तेव्हा किती मेगापिक्सेल हे शेवटी विचारा. आधी ठरवा, तो कोणाकोणाच्या हातात जाणार आणि नावं लिहायची वही कोण सांभाळणार.