टेलिमार्कसाठी रोजची स्की कशी निवडायची? सुरुवात मागच्या पायापासून करा

फोन घेताना आपण आधी स्पेसिफिकेशन बघतो. रॅम किती, बॅटरी किती, वजन किती. स्की घेतानाही असंच एक पान समोर येतं: लांबी, रुंदी, रेडियस, वजन. अडचण एवढीच की ते पान बहुतेक वेळा अल्पाइन स्कीइंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. टेलिमार्क करणाऱ्याला तेच आकडे जरा वेगळ्या नजरेने वाचावे लागतात.

मी नोकरीनिमित्त ओस्लोत राहते आणि गेले काही हिवाळे टेलिमार्क करते आहे. इथे आलेली मराठी मंडळी दर नोव्हेंबरात मला एकच प्रश्न विचारतात: "एकच जोडी घ्यायची आहे, कुठली घेऊ?" आज त्याचं उत्तर नीट पाहू. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, कारण ती दरवर्षी बदलतात. आकडे वाचता आले की कुठल्याही वर्षीचं मॉडेल तुम्हाला स्वतः तपासता येईल.

टेलिमार्क म्हणजे नेमकं काय?

टेलिमार्क हा नॉर्वेमधला एक प्रदेश आहे. तिथल्या मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोरहेम (१८२५–१८९७) हा या शैलीचा मूळ पुरुष मानला जातो. १८६८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने क्रिस्टियानिया म्हणजे आजच्या ओस्लोत येऊन स्पर्धा गाजवली. त्याची स्की मधे बारीक आणि टोकांना रुंद होती. आजच्या बहुतेक स्कींचा आकार याच कल्पनेवर उभा आहे.

अल्पाइन स्कीमध्ये बुटाची टाच स्कीला घट्ट बांधलेली असते. टेलिमार्कमध्ये फक्त पुढचा भाग बांधलेला असतो, टाच मोकळी. वळताना बाहेरचा पाय पुढे जातो, आतला पाय मागे राहतो, गुडघे वाकतात आणि मागची टाच वर उचलली जाते. लांबून पाहिलं तर माणूस एक गुडघा टेकवायला निघालाय असं वाटतं.

सगळा खेळ मागच्या स्कीचा

अल्पाइन वळणात बहुतेक भार बाहेरच्या स्कीवर असतो. टेलिमार्कमध्ये तो दोन्ही पायांवर साधारण अर्धा-अर्धा वाटला गेला पाहिजे. त्यातही मागच्या पायाचा भार टाचेवर नसतो, चवड्यावर असतो. म्हणजे मागच्या स्कीला वाकवायला तुमच्याकडे निम्मंच वजन आहे आणि तेही बोटांच्या मुळाशी असलेल्या छोट्याशा जागेतून जातंय.

आता समजा तुम्ही तुमच्या वजनाच्या अल्पाइन स्कीयरसाठी बनलेली कडक स्की घेतली. पुढच्या पायाखाली ती छान चालेल. मागच्या पायाखाली मात्र फळीसारखी ताठ राहील, घसरेल, भरकटेल. मग तुम्ही नकळत सगळं वजन पुढच्या पायावर टाकायला लागता आणि मागचा पाय नुसता ओढत नेता. टेलिमार्क बिघडतो तो इथेच.

म्हणून माझा पहिला नियम: मागच्या पायाला वाकवता येईल अशी स्की घ्या. बाकीचे आकडे त्यानंतर.

आधी बूट, मग बाइंडिंग, शेवटी स्की

लोक स्कीपासून सुरुवात करतात, कारण ती दिसायला भारी असते. पण क्रम उलटा ठेवा. बूट पायाला बसले नाहीत तर पुढचं सगळं वाया.

बूट ठरले की बाइंडिंग आपोआप ठरतं, कारण इथे चार्जिंग पोर्टसारखा प्रकार आहे. मुख्य प्रकार दोन:

* ७५ मिमी: बुटाच्या पुढे बदकाच्या चोचीसारखी चपटी पट्टी असते. १९२७ मध्ये ब्रोर विथ यांनी बनवलेल्या 'रोटेफेला' बाइंडिंगपासून ही पद्धत रुळली. रोटेफेला म्हणजे उंदराचा सापळा! बाइंडिंग पाहिलंत तर नाव का पडलं ते लगेच कळेल.
* एनटीएन: २००७ मध्ये आलेली नवी पद्धत. चोच नाही, बूट तळव्याखाली धरला जातो. कडेवरची पकड जास्त चांगली आणि पाय घालणं-काढणं सोपं.

एका प्रकारचा बूट दुसऱ्या प्रकारच्या बाइंडिंगमध्ये बसत नाही. मायक्रो-यूएसबीची केबल टाइप-सी पोर्टमध्ये घालण्यासारखंच ते. एनटीएन बुटांमध्येही पुढे टेक-पिनची सोय असलेले आणि नसलेले असे प्रकार आहेत आणि काही बाइंडिंगना ही सोय लागतेच. नव्याने सुरुवात करत असाल तर एनटीएन घ्या. जुने ७५ मिमीचे चांगले बूट हाताशी असतील तर तेही काही वाईट नाहीत.

स्पेसिफिकेशनचं पान कसं वाचायचं?

समजा पानावर १२४-८८-११० असं लिहिलंय. हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये आहेत: पुढचं टोक, मधली कंबर आणि शेपटी.

१. कंबर. बुटाखालचा हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. ओस्लोजवळ ट्रिवानला संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात स्कीइंग चालतं. तिथला बर्फ बराचसा मशीनने बनवलेला, दाबलेला आणि रात्री गोठून कडक झालेला असतो. अशा ठिकाणी ८५ ते ९५ मिमी कंबर पुरते. वारंवार भुसभुशीत ताजा बर्फ मिळत असेल तर ९५ ते १०५. त्याच्या पुढची स्की ही खास दिवसाची स्की, रोजची नाही.

कारण सरळ आहे. कडक बर्फावर स्की कडेवर उभी करावी लागते. ती जितकी रुंद, तितकी जास्त ताकद घोट्याला आणि गुडघ्याला लावावी लागते. टेलिमार्कमध्ये मागचा पाय चवड्यावर असतो, त्यामुळे ही ताकद लावणं आणखी अवघड.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला गेल्या वर्षी एका दुकानाने १०८ मिमीची जोडी "सगळीकडे चालते" म्हणून दिली. ऑफिस सुटल्यावर तो ट्रिवानलाच जायचा. तीन आठवड्यांत गुडघा दुखायला लागला. जोडीला बाइंडिंगसाठी भोकं पाडून झालेली, त्यामुळे दुकान परत घेईना. उरलेला हिवाळा त्याने मित्राच्या जुन्या ८६ मिमीच्या जोडीवर काढला आणि गुडघाही शांत झाला. नवी जोडी अजून भिंतीला टेकून उभी आहे.

२. रेडियस. स्की स्वतःहून किती मोठं वर्तुळ काढेल ते मीटरमध्ये सांगणारा हा आकडा. टेलिमार्कमध्ये दोन्ही स्की पुढे-मागे असतात आणि दोघींनी मिळून एकच वळण काढायचं असतं. १२-१३ मीटरची स्की फार पटकन आत वळते. मागची स्की पुढचीच्या वाटेत येते आणि टोकं एकमेकांवर चढतात. १५ ते १९ मीटर हा रोजच्यासाठी चांगला पट्टा.

३. लांबी. शिकत असाल तर हनुवटी ते नाक. सरावलेले असाल तर कपाळापर्यंत किंवा उंचीइतकी. टोक बरंच वर उचललेलं असेल तर बर्फाला टेकणारी कड कमी होते, तेव्हा ५ सेंमी जास्त घ्यायला हरकत नाही. माझी उंची १६४ सेंमी आणि माझी जोडी १६६ ची आहे.

४. बाजूने दिसणारा आकार. स्की जमिनीवर ठेवली की बुटाखालचा भाग जरा वर कमानीसारखा दिसतो, त्याला कॅम्बर म्हणतात. टोक लवकर वर उचललेलं असेल तर त्याला रॉकर म्हणतात. रोजच्यासाठी मधे कॅम्बर आणि पुढे थोडासा रॉकर ही जोडगोळी उत्तम. पूर्ण रॉकरवाली स्की कडक बर्फावर नुसती गोल फिरते, पकड धरत नाही.

५. कडकपणा. हा आकडा बहुतेक पानांवर नसतोच! म्हणून दुकानात हाताने तपासा. शेपटी जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा, दुसऱ्याने मधे दाबा. कमान गोल आणि सारखी आली पाहिजे. टोक मऊ आणि शेपटी लोखंडासारखी, अशी स्की टाळा. शर्यतीच्या स्की बहुधा अशाच असतात. टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे दोन पूर्ण थर असलेली स्कीही हलक्या वजनाच्या माणसाला टेलिमार्कमध्ये जड जाते. एखादा थर किंवा फक्त बुटाखाली पट्टी असेल तर मात्र फायदाच.

६. वजन. आधी एक गोष्ट बघा: आकडा एका स्कीचा आहे की जोडीचा? कंपन्या दोन्ही पद्धतीने लिहितात. एका स्कीचं वजन १,४०० ते १,८०० ग्रॅम असेल तर लिफ्टवरही चालते आणि कधीमधी डोंगर चढायलाही. १,२०० च्या खालची स्की चढताना सुख देते, पण खडबडीत बर्फावर उतरताना फार हेलकावे खाते.

भोकं पाडण्यापूर्वी थांबा

फोनचं कव्हर बदलता येतं, स्कीला पाडलेलं भोक परत नेता येत नाही. त्यात टेलिमार्क बाइंडिंगचे स्क्रू जास्त ताण सोसतात, कारण टाच उचलली की प्रत्येक वळणात ते वर ओढले जातात. म्हणून फार हलक्या गाभ्याची स्की घेताना बुटाखाली मजबुतीचा थर आहे का, हे विचारून घ्या.

बाइंडिंग कुठे बसवायचं? आधुनिक स्कीवर बुटाच्या मध्याची खूण असते. बुटाचा मध्य त्या खुणेवर आणणं ही सुरक्षित सुरुवात. शेवटचा शब्द मात्र बाइंडिंग बनवणाऱ्याच्या सूचनांचा. काही कंपन्या कागदी साचा पीडीएफमध्ये देतात. तो छापताना प्रिंट १०० टक्के आकारात आली का, हे पट्टीने मोजा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर सगळी भोकं काही मिलिमीटर सरकतात.

साध्या लाकडी गाभ्याला साधारण ३.६ मिमी आणि धातूचा थर असलेल्या स्कीला ४.१ मिमी बिट लागतं, खोली ९ मिमी. पुष्कळ स्कीवर हा आकडा छापलेलाच असतो. हात बसलेला नसेल तर हे काम दुकानाकडूनच करून घ्या, फक्त टेलिमार्क बाइंडिंग याआधी बसवलीत का, हे आधी विचारा.

जुनी जोडी? फोन बाहेर काढा

बूट, बाइंडिंग आणि स्की असा नवा सेट चांगल्या फ्लॅगशिप फोनपेक्षा स्वस्त पडत नाही. म्हणून जुन्या सामानाकडे वळणं शहाणपणाचं. तपासताना एवढं करा:

* दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. न दाबता मधे फट दिसली पाहिजे. कॅम्बरवाल्या स्कीत फट नसेल तर तिच्यातला जीव गेलाय.
* टॉर्च लावून कडेने बघा. थर सुटलेले, फुगवटा आलेला किंवा स्टीलची कड तुटलेली दिसली तर सोडून द्या.
* जुनी भोकं मोजा. नवं भोक जुन्यापासून निदान १ सेंमी दूर यायला हवं. तुमच्या बाइंडिंगचा साचा ठेवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

फोनचा आणखी एक उपयोग: मित्राला बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगा. वळणात मागची स्की वाकतेय की नुसती घसरतेय, हे त्यात स्वच्छ दिसतं. टाच खूप वर आणि सगळं अंग पुढे झुकलेलं दिसलं, तर दोष स्कीचा नाही, उभं राहण्याचा आहे. नवी जोडी घेण्याआधी हा व्हिडिओ नक्की काढा.

नेहमीचे प्रश्न

खास टेलिमार्कसाठी बनवलेली स्कीच हवी का?
नाही. बहुतेक जण अल्पाइन किंवा टूरिंगच्या स्कीवरच टेलिमार्क बाइंडिंग बसवतात. वरचे सहा मुद्दे जुळले की झालं.

नॉर्वेत लोक डोंगरातल्या लांब सफरीला अरुंद स्की वापरतात, ती चालेल?
ती 'फ्येलस्की'. सपाटीवर चालायला छान, पण लिफ्टने वर जाऊन दिवसभर उतरायला नाही.

पडल्यावर बाइंडिंग सुटतं का?
अल्पाइनसारखी प्रमाणित सुटण्याची सोय बहुतेक टेलिमार्क बाइंडिंगमध्ये नसते. म्हणून वेग हळूहळू वाढवा. ब्रेक घेताना तो कमरेपेक्षा थोडा रुंद घ्या. लिफ्टच्या हद्दीबाहेर जाणार असाल तर नॉर्वेत 'वार्सोम'वर हिमस्खलनाचा इशारा बघा आणि बीकन, फावडं, प्रोब यांच्याशिवाय निघू नका.

हीच जोडी गुलमर्गला नेऊ का?
न्यायला हरकत नाही, पण तिथे लोक मुख्यतः अफरवटच्या खोल, न दाबलेल्या बर्फासाठी जातात. तिथे १०० ते ११० मिमी जास्त सुखाची.

थोडक्यात

बूट पायाला बसणारे. बाइंडिंग बुटाला जुळणारं. कंबर तुम्ही नेहमी जाता तिथल्या बर्फाप्रमाणे, वर्षातून एकदा जाता तिथल्याप्रमाणे नाही. रेडियस १५ ते १९ मीटर, कमान गोल, शेपटी समजूतदार. दोन जोड्यांमध्ये अडकलात तर दोन्ही हाताने वाकवून बघा आणि जी सहज, सारखी वाकते ती घ्या. मागचा पाय तुमचे आभार मानेल.