वजनाचा काटा आणि विम्याचा हप्ता

आयुर्विम्याच्या प्रस्तावात वय आणि व्यसने विचारतात, तशीच उंची आणि वजनही विचारतात. या दोन आकड्यांवरून कधी हप्ता वाढतो, कधी प्रस्तावच नाकारला जातो. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती विम्याइतकीच जुनी असावी असे वाटते, पण ती तशी नाही. एडमंड हॅले याने ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता १६९३ मध्ये प्रसिद्ध केला, लंडनची ॲमिकेबल सोसायटी १७०६ मध्ये निघाली आणि १७६२ मध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने वयानुसार हप्ता आकारायची पद्धत रुजवली. या सगळ्यात वजन कुठेच नव्हते. अर्जदाराला संचालकांसमोर हजर व्हावे लागे; त्याची चर्या, चालणे-बोलणे पाहून आणि त्याला ओळखणाऱ्या सभ्य गृहस्थांची ग्वाही घेऊन निर्णय होई. वजन हप्त्याच्या हिशेबात शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत. ते आयुष्य मोजण्याचे सर्वांत अचूक माप होते म्हणून शिरले नाही, तर सर्वांत स्वस्तात मिळणारे आणि सहज लपवता न येणारे माप होते म्हणून शिरले, असे माझे मत आहे. कंपनीला एवढे कारण पुरत होते. पुढे तोच तक्ता दवाखान्यात गेला आणि त्यात कधीच न मोजलेल्या लोकांच्या शरीरांना लावला गेला, तेव्हा मात्र ते कारण अपुरे पडले.

सुरुवातीला विमा कंपनीच्या डॉक्टरला भीती वाटे ती लठ्ठपणाची नव्हे, क्षयाची. पंचविशीतला किडकिडीत तरुण, त्यात आई किंवा बाप क्षयाने गेलेला, असा अर्ज आला की डॉक्टर सावध होई. अंगाने भरलेला माणूस सुदृढ समजला जाई. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमीटरची माहिती प्रसिद्ध केली. दोन हजारांहून अधिक लोकांची उंची, वजन आणि श्वासाची क्षमता मोजून हे यंत्र विमा कंपन्यांना उपयोगी पडेल असा त्याचा आग्रह होता. त्याआधी १८३५ मध्ये बेल्जियमच्या अडॉल्फ केतले याने दाखवले होते की प्रौढ माणसांचे वजन ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पण केतले शोधत होता तो ‘सरासरी माणूस’. कोण किती जगेल, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत परिस्थिती निराळी होती. कंपनीचे मुख्यालय न्यूयॉर्कला किंवा हार्टफर्डला, एजंट शेकडो मैलांवरच्या गावात, आणि अर्जदाराला संचालकांसमोर उभे करणे अशक्य. माणसाऐवजी कागद प्रवास करू लागला. गावातला डॉक्टर ठरावीक शुल्क घेऊन तपासणी करी. तो अर्जदाराला ओळखत असे, एजंटशीही त्याचा रोजचा संबंध असे. ‘प्रकृती उत्तम’ या त्याच्या शेऱ्यावर मुख्यालयाने किती विश्वास ठेवायचा? याउलट उंची पाच फूट आठ इंच, वजन दोनशे पौंड, हे दोन आकडे कुणीही घेतले तरी तेच येणार, आणि एका माणसाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार. १८९७ मध्ये कनेक्टिकट म्युच्युअल कंपनीचे डॉ. जॉर्ज शेफर्ड यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या ७४ हजारांहून अधिक पुरुष अर्जदारांच्या मापांवरून उंची, वय आणि वजन यांचा तक्ता तयार केला. त्यात कोणते वजन चांगले हे सांगितलेले नव्हते. अर्जदारांचे सरासरी वजन किती, एवढेच होते. त्यानंतर न्यूयॉर्क लाइफचे डॉ. ऑस्कर रॉजर्स यांनी ही मापे मृत्यूंच्या नोंदींशी जोडली आणि त्याच कंपनीचे विमागणिती आर्थर हंटर यांच्यासह गुणांकनाची एक पद्धत बसवली. सर्वसाधारण विमेदाराचा मृत्युदर १०० धरायचा. बांध्यावरून सुरुवातीचा आकडा काढायचा, मग घराण्यातले आजार, व्यवसाय, सवयी यांसाठी त्यात भर घालायची किंवा वजावट करायची. बेरीज १५० आली, तर अशा माणसांच्या गटात दीडपट मृत्यू अपेक्षित आहेत असे समजून हप्ता ठरवायचा.

या पद्धतीचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. तिच्याआधी अर्जाला बहुधा दोनच उत्तरे असत, होकार किंवा नकार. न्यूयॉर्क लाइफने १८९६ पासून दुय्यम जोखमीच्या माणसांना जादा हप्त्यावर विमा द्यायला सुरुवात केली होती. या गुणांकनामुळे त्या ‘जादा’ला हिशेबाचा आधार मिळाला. आज वजनावरचा वाढीव हप्ता दंडासारखा वाटतो. त्या काळी मात्र तो, ज्यांना विमा मिळतच नव्हता अशांना तो मिळवून देणारा मार्ग होता.

मग १९१२ ते १९१४ या काळात विमा कंपन्यांच्या डॉक्टरांनी आणि विमागणितींनी मिळून केलेली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या ४३ कंपन्यांनी १८८५ ते १९०८ या काळात दिलेल्या पॉलिसी तिच्यासाठी तपासल्या होत्या. उंची बुटांसह घेतलेली, वजन कपड्यांसह. या पाहणीचा निष्कर्ष आजच्या कोणत्याही सरसकट नियमापेक्षा समजूतदार होता. ऐन तारुण्यात सरासरीपेक्षा थोडे जास्त वजन असणारे अधिक जगत होते, कारण किडकिडीत तरुणांना क्षय गाठत होता. चाळिशी-पन्नाशीनंतर हेच गणित उलटे होई आणि सरासरीहून हलके असणारे अधिक जगत. म्हणजे एकच वजन एका वयात आधार होते, दुसऱ्या वयात ओझे. शिवाय विमा डॉक्टर नुसत्या काट्यावर थांबत नसत. छाती फुगवल्यावर तिचे जे माप येई, त्यापेक्षा पोटाचा घेर जास्त भरला, तर ती वेगळी, अधिक गंभीर खूण मानली जाई. म्हणजे किती किलो यापेक्षा ते किलो शरीरात कुठे साठले आहेत हा प्रश्न महत्त्वाचा, हे शंभर वर्षांपूर्वीच्या विमा डॉक्टरांना टेपने कळले होते. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

दुर्लक्ष झाले ते सोपेपणाच्या हव्यासाने. मेट्रोपॉलिटन लाइफचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांना लठ्ठपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न वाटत होता, आणि त्यांची तळमळ खरी होती. पंचविशीनंतर वजन वाढू देण्यात काहीच हिताचे नाही असे ठरवून कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी ‘आदर्श’ वजनांचे तक्ते काढले. त्यांतून वयाचा रकाना गळाला. त्याच्या जागी लहान, मध्यम आणि मोठी चण असे तीन प्रकार आले. हा सरळ दोष होता : ज्या नोंदींवरून तक्ते केले, त्यांत कुणाचीही चण मोजलेलीच नव्हती. १९५९ मध्ये २६ कंपन्यांच्या सुमारे ५० लाख पॉलिसींचा अभ्यास आला आणि त्यावर मेट्रोपॉलिटनने ‘इष्ट’ वजनांचा नवा तक्ता काढला. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मासिके, सगळ्यांनी तो उचलला. गटाची किंमत ठरवण्यासाठी घडवलेले साधन आता एकेका माणसाला ‘तुझे वजन इतकेच हवे’ असे सांगू लागले.

यावर पहिला आक्षेप असा की तक्ता कशासाठीही वापरा, मृत्यू तर खरेच होते ना? खूप जाड माणसे लवकर मरतात हे नंतरच्या स्वतंत्र संशोधनानेही दाखवलेच. आक्षेपाचा गाभा मला मान्य आहे. तीव्र लठ्ठपणाचा आणि मधुमेह-हृदयविकाराचा संबंध नाकारण्यात अर्थ नाही. पण तक्त्याचा दावा टोकांपुरता नव्हता. मधल्या, पाच-दहा पौंडांच्या फरकाबद्दलही तो तितक्याच ठामपणे बोलत होता, आणि तिथे पाया कच्चा होता. मोजणी माणसांची नव्हती, पॉलिसींची होती. ज्याच्या चार पॉलिसी तो चारदा मोजला गेला. विमा परवडणारा आणि तपासणीत उत्तीर्ण झालेला वर्गच त्यात होता. धूम्रपान करणारे आणि न करणारे वेगळे काढलेले नव्हते. १९५४ ते १९७२ या काळातल्या पॉलिसींवरचा पुढचा अभ्यास १९७९ मध्ये आला आणि त्यावरून मेट्रोपॉलिटनने १९८३ मध्ये तक्ता सुधारला, तेव्हा अनेक उंचींसाठीची वजने वर सरकवावी लागली. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये विमा तक्त्यांवर टीका करत केतलेचेच गुणोत्तर पुढे आणले आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. तक्ता मागे पडला, पण चरबी, स्नायू आणि हाडे यांत फरक न करणारे माप तेच राहिले.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. ज्यांची जोखीम कमी त्यांनी इतरांचा भार का उचलावा? कंपनीने हा फरक केला नाही, तर कमी जोखमीचे लोक दुसरीकडे जातील आणि उरलेल्यांचा हप्ता वाढत जाईल. ऐच्छिक विम्यात हे घडू शकते, म्हणून वजन विचारूच नये असे मी म्हणत नाही. पण आकडे फरक दाखवतात एवढ्यावरून तो हप्त्यात आणणे न्याय्य ठरते, हे विम्याच्याच इतिहासाने खोटे ठरवले आहे. अमेरिकेच्या प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ मध्ये कृष्णवर्णीयांना त्याच हप्त्यात कमी रक्कम द्यायचे ठरवले, तेही मृत्युदराचे आकडे दाखवून. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८४ मध्ये असा भेद कायद्याने बंद केला. आपल्याकडे इंग्रजी कंपन्या हिंदी माणसाचा विमा घेत तेव्हा गोऱ्यापेक्षा जास्त हप्ता मागत. १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने हिंदी माणसांचा विमा सर्वसाधारण दराने उतरवला आणि कंपनी बुडाली नाही. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त जगतात हे कुणीही अमान्य करणार नाही. तरी युरोपीय न्यायालयाच्या २०११ मधल्या निकालानंतर २१ डिसेंबर २०१२ पासून तिथे नव्या पॉलिसींच्या हप्त्यात स्त्री-पुरुष भेद करता येत नाही. कोणता खरा फरक हप्त्यात धरायचा आणि कोणता सगळ्यांनी मिळून सोसायचा, हा निर्णय समाजाने घ्यायचा असतो. वजनाच्या बाबतीत तो कुणी घेतलाच नाही, तो आपसूक रूढ झाला.

आणि आपल्या शरीरांच्या बाबतीत तर तो चुकीच्या आकड्यांवर रूढ झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला होता. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांच्या तुलनेत ही बाळे सुमारे पाऊण किलोने हलकी होती, पण त्यांच्या पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचा, असा हा बांधा मधुमेहाच्या दृष्टीने धोक्याचा असतो. २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे अधिक खालचे टप्पे सुचवले. म्हणजे काट्यावर विसंबणारी विमा कंपनी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चुकू शकते : कसलेल्या अंगाच्या माणसाकडून ती जास्त पैसे मागेल, आणि पोट सुटलेल्या बारीक माणसाला निर्धोक समजेल.

भारतातल्या विमाधारकांच्या मृत्युदराचे तक्ते आता भारतीय अनुभवावरच बनतात. २०१२ ते २०१४ या काळाचा तक्ता त्यांपैकीच एक. तो वयानुसार मांडलेला आहे, त्यात वजन नाही. १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले तेव्हा दोनशेहून अधिक कंपन्या आणि संस्था त्यात विलीन झाल्या. महामंडळासाठी होणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीत छातीची आणि पोटाची मापेही लिहिली जात आली आहेत. विमा नियामकाला ही नोंद मागवता येईल. वजन, पोटाचा घेर आणि पुढचे मृत्यूंचे दावे यांची सांगड घालून, विमेदारांची नावे वगळून, ती प्रसिद्ध करायला लावता येईल. न्यूयॉर्क आणि हार्टफर्डच्या कंपन्यांनी एकमेकांशी स्पर्धा असूनही १९१२ मध्ये आपली वह्या-बाडे एकत्र आणून छापली होती. ज्याच्याकडून वजनापोटी जादा हप्ता घेतला जातो, त्याला तो कोणत्या शरीरांच्या अनुभवावर बेतला आहे हे विचारण्याचा हक्क आहे, आणि आज त्याला दाखवण्यासारखा असा एकही भारतीय तक्ता समोर ठेवला जात नाही.