हवेच्या गाडीचा हिशेब

२००७ मध्ये टाटा मोटर्सने 'एमडीआय' या कंपनीशी करार केला, आणि 'हवेवर चालणारी गाडी' आपल्याकडे चर्चेत आली. ती गाडी बाजारात आली नाही. कल्पना मात्र जुनीच होती. फ्रान्समधील नांत शहरात लुई मेकार्स्की यांच्या दाबलेल्या हवेच्या ट्रामगाड्या १८७९ पासून १९१७ पर्यंत धावत होत्या.

हवा दाबली की तापते. टाकीत साठवली की ती उष्णता निघून जाते. पुढे इंजिनात प्रसरण पावताना हीच हवा इतकी गार होते, की तिच्यातील बाष्प गोठून झडपा अडाव्यात. म्हणून मेकार्स्की ती गरम पाण्यातून सोडीत. गमावलेली उष्णता अशी पुन्हा पुरवावी लागे. शिवाय हवा दाबणारी यंत्रे वाफेवर चालत. रस्त्यावरचा धूर कारखान्याच्या चिमणीत गेला होता, इतकेच.

रुडॉल्फ डिझेल यांनीही हवाच दाबली. परंतु दाबल्याने आलेली उष्णता जागीच वापरून तिच्यावर इंधन पेटवले. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथील चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आणली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांना ही मजल गाठता आली नव्हती.

यावरून डिझेल निर्दोष ठरते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्याच्या धुराची किंमत शहरांनी फुप्फुसांनी मोजली आहे. पण दाबलेली हवा ही इंधन नसून केवळ साठवण आहे. तिच्या कार्यक्षमतेचा हिशेब हवा दाबणाऱ्या यंत्रापासूनच मांडावा लागतो. नांतच्या ट्रामगाड्यांना तो चुकला नाही. आजच्या गाड्यांनाही चुकणार नाही.