मोहर कोणाची, हात कोणाचा

काही वर्षांपूर्वी मीरा रोडच्या एका शाळेत माझ्याकडे परीक्षेचे काम होते. दहावीचे फॉर्म भरताना एका मुलीच्या वडिलांनी छापील यादी पाहिली आणि म्हणाले, "टीचर, बच्ची की तारीख गलत है." जन्माचे वर्ष एकाने मागे गेले होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा तारीख छापली गेली की ती दुरुस्त करायला किती खेटे पडतात, हे शिक्षकांना आणि पालकांना सांगायला नको.

शाळेत निकालासाठी एक छोटा प्रोग्राम होता. त्यात ही तारीख कोणी बदलली, हे शोधायला आम्ही बसलो. नोंद सापडली. बदल करणाऱ्याच्या जागी माझे नाव होते. त्या दिवशी मी शाळेतच नव्हते, मालेगावला बहिणीच्या निकाहला गेले होते. आणखी खाली पाहिले तर प्रत्येक नोंदीवर माझेच नाव! लिपिकांनी भरलेली फी माझ्या नावावर, दुसऱ्या शिक्षकांनी चढवलेले गुण माझ्या नावावर. झाले होते असे की प्रोग्राम बसवताना त्याला डेटाबेसमध्ये शिरायला एक खाते हवे होते. परीक्षा माझ्याकडे, म्हणून माझे खाते आणि माझा पासवर्ड त्यात घातला गेला. मीच तो दिला होता, आणि काय देते आहे ते मला कळले नव्हते.

त्या मुलीला वाचवले ते शाळेच्या जनरल रजिस्टरने. हाताने लिहिलेली तारीख, आकड्यांत आणि अक्षरांत, वर खाडाखोड नाही. फॉर्म वेळेत दुरुस्त झाला. तारीख कोणी बदलली, हे मात्र आजतागायत कळलेले नाही.

पुढे माझा एक जुना विद्यार्थी, जो आता हेच काम करतो, मला म्हणाला, "टीचर, माणसाचं खातं प्रोग्रामला द्यायचंच नसतं." त्याने समजावले ते असे. आपण मोबाइलवर एखादे अ‍ॅप उघडतो तेव्हा एका दारातून आत जातो. पण माहिती त्या अ‍ॅपमध्ये नसते, मागच्या खोलीत डेटाबेसमध्ये असते. त्या खोलीचे दार अ‍ॅपला स्वतः उघडावे लागते. त्यासाठी अ‍ॅपकडेही खाते आणि पासवर्ड लागतो. पहिल्या दाराची काळजी सगळे घेतात. दुसऱ्या दाराची चावी कोणाची द्यायची, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी घाईत सुटतो.

हे ऐकताना मला आपली जुनी दप्तरे आठवत होती. हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. राज्याच्या कागदावर कोणी, कोणत्या अधिकाराने, कुठपर्यंत हात लावायचा, याचा विचार आपल्याकडे शतकानुशतके झाला आहे. त्यातले शब्दही आपण रोज वापरतो. दप्तर, सनद, मोहर, शिक्का, मोर्तब हे फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की परके वाटत नाहीत.

अबुल फज्लच्या 'आईने अकबरी'त बादशाही मोहरांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकबराची मोहर एक नव्हती, अनेक होत्या. 'उझुक' नावाची लहान गोल मोहर खास फर्मानांसाठी. तैमूरपर्यंतच्या पूर्वजांची नावे कोरलेली मोठी मोहर परदेशच्या राजांना जाणाऱ्या पत्रांसाठी. न्यायनिवाड्याच्या कामासाठी मेहराबीच्या आकाराची वेगळी. इतर हुकुमांसाठी चौकोनी. जनानखान्याच्या कामांसाठी आणखी एक. बादशहा एकच, मग इतक्या मोहरा कशाला? कारण प्रत्येक मोहरेची ताकद तिच्या कामापुरती होती. मेहराबी मोहर हाती असलेल्याला परदेशी राजाला पत्र धाडता येणार नव्हते. आणि नुसता ठसा पाहून कळत होते की कागद कोणत्या कामाचा आहे.

आता कल्पना करा, दरबारातल्या प्रत्येक कारकुनाला कामाची सोय म्हणून उझुकच देऊन टाकली असती तर? संगणकाच्या जगात हे खरोखर घडले. बहुतेक डेटाबेसमध्ये एक सर्वाधिकारी खाते असते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्याचे नाव 'एसए'. या खात्याला काहीही करता येते: वाचणे, बदलणे, पुसणे, सगळी कपाटेच फेकून देणे. अडथळा येत नाही, म्हणून कित्येकांनी आपले प्रोग्राम याच खात्याने चालवले, आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा पासवर्ड रिकामाच होता. मे 2002 मध्ये 'स्पायडा' नावाच्या वर्मने असेच संगणक शोधून काढले आणि रिकाम्या पासवर्डने तो आत शिरला. कुलूप तोडायची गरजच पडली नाही.

दुसरी चूक माझी होती: माणसाचे खाते प्रोग्रामला देणे. हिचेही रूप आपल्या इतिहासात आहे. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे. कुलकर्णीपण हे वतन, म्हणजे पिढीजात हक्क. त्यामुळे गावचा हिशेब आणि कुलकर्ण्याचे घर यांत भेद उरत नसे. घरात भाऊबंदकी झाली की दप्तराचेही भांडण. माणूस आणि जागा एकमेकांत इतके गुंतले की एकाला हलवले तर दुसरे कोसळे. मुंबई राज्याने 1950 मध्ये परगणा व कुलकर्णी वतने रद्द करण्याचा कायदा केला आणि तो 1 मे 1951 पासून लागू झाला. गावच्या दप्तरावर पगारी तलाठी आला. तलाठ्याची बदली होते, दप्तर सज्जातच राहते. प्रोग्राम एखाद्याच्या खात्यावर चालत असेल तर तो माणूस निवृत्त झाला, त्याचे खाते बंद केले, की दुसऱ्या दिवशी निकाल उघडत नाहीत. मग निवृत्त माणसाचे खाते वर्षानुवर्षे चालू ठेवले जाते. हे कुलकर्णी वतनच झाले.

तिसरी चूक सर्वांत जास्त चालते: एकच खाते सगळ्यांनी मिळून वापरायचे आणि पासवर्ड टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. हिचा एक किस्सा थेट पासवर्डच्या बालपणातला आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने 'सीटीएसएस' ही यंत्रणा उभी केली. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. तिथला मजकूर दुरुस्त करण्याचा प्रोग्राम एका गृहीतावर लिहिला होता: एका जागेत एका वेळी एकच माणूस काम करील. पण यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी सोयीसाठी आपली जागा सामायिक केली. एके दिवशी एक जण रोजची सूचना बदलत होता आणि दुसरा पासवर्डची यादी. दोघांच्या तात्पुरत्या फायली एकमेकींत मिसळल्या. त्यानंतर जो कोणी आत आला, त्याला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. दोघांपैकी कोणाचीही नियत वाईट नव्हती. दोन माणसे एकाच नावाने वावरत होती, एवढेच.

मग योग्य काय? एमआयटीच्याच जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी 1975 मध्ये संरक्षणाची काही तत्त्वे मांडली. त्यातले एक असे की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामाला लागेल तेवढाच अधिकार असावा, जास्त नको. यात 'प्रोग्रामला' हा शब्द महत्त्वाचा. प्रोग्राम हाही एक कारकून आहे आणि त्याला त्याची स्वतःची मोहर हवी. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफोर्ड वेड यांनी डेटाबेसमध्ये अधिकार कसा द्यावा आणि कसा काढून घ्यावा याची रीत मांडली. मी दिलेला अधिकार तुम्ही पुढे तिसऱ्याला दिला आणि नंतर मी तुमचा काढून घेतला, तर तिसऱ्याचाही जातो. इथे मला इनाम कमिशन आठवले. 1852 च्या कायद्याने त्या कमिशनने आपल्या भागातल्या इनामांच्या सनदा तपासल्या, तेव्हा सनद खरी आहे का, एवढेच विचारले नाही. सनद देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार होता का, हेही विचारले. त्या चौकशीत किती घरे उघड्यावर आली हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण प्रश्न तोच होता: अधिकार आला कुठून?

इथवर आल्यावर मी विद्यार्थ्याला एक शंका विचारली. प्रोग्रामला स्वतःचे खाते दिले, तर डेटाबेसच्या नोंदीत प्रत्येक ठिकाणी प्रोग्रामचेच नाव येणार. मग तारीख कोणी बदलली, हे पुन्हा कळणार नाहीच की! तो हसला. म्हणाला, "म्हणून आतल्या माणसाचं नाव प्रोग्रामनं वेगळं लिहून ठेवायचं. खातं कामाचं, नोंद माणसाची."

याला आपल्या दप्तरात सुंदर जोड आहे. मराठेशाहीतल्या गावच्या कागदांवर पाटलाची सही नसे, निशाणी असे: नांगर. सुताराची, लोहाराची निशाणी त्यांच्या हत्याराची. नांगर सांगतो की हे पाटीलकीच्या अधिकाराने झाले. पण नांगर एकटा नसतो, शेजारी त्या पाटलाचे नाव असते. चिन्ह हुद्द्याचे, नाव माणसाचे. दोन्ही मिळून कागद पुरा होतो. आणि राजपत्राच्या शेवटी मोर्तब असे, म्हणजे मजकूर इथे संपला, याच्या खाली कोणी काही घालू नये. आजही सातबाऱ्याचा फेरफार तलाठी नोंदवतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. एकाच हाताने दोन्ही व्हायचे नाही.

नव्या प्रोग्रामला त्याने तीन खाती दिली. पहिले रोजच्या कामाचे: त्याला गुण आणि फी वाचता, भरता, बदलता येतात, पण काहीही पुसता येत नाही. जन्मतारीख ते फक्त वाचते. ती बदलायची तर अर्ज नोंदवावा लागतो आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्या नावाने मंजुरी दिल्याशिवाय ती बदलत नाही. दुसरे खाते छपाईचे: ते नुसते वाचते. तिसरे दुरुस्तीचे: रचना बदलायची असेल तेव्हाच उघडते, एरवी बंद. यातल्या कोणत्याही खात्याने कोणी माणूस आत जात नाही. त्यांचे पासवर्ड चिठ्ठीवर नाहीत, प्रोग्रामच्या मजकुरातही नाहीत, वेगळे ठेवले आहेत आणि ठरावीक काळाने बदलतात. मला, लिपिकांना, प्रत्येक शिक्षकाला स्वतःचे वेगळे नाव आहे.

सुरुवातीला कुरकुर झाली. "एक पासवर्ड था, अच्छा चल रहा था," असे स्टाफरूममध्ये ऐकले. मी त्या वर्षीची छापील यादी काढून दाखवली, जिच्यावर मी हजर नसलेल्या दिवशीही माझे नाव होते. मग कोणी बोलले नाही.

ती मुलगी पास होऊन गेली, तिला यातले काही ठाऊक नाही. तिचे वडील मध्यंतरी नयानगरात भेटले. सलाम-दुआ झाली, आणि तिचे प्रमाणपत्र बरोबर आले होते, एवढे त्यांनी सांगितले. मी मात्र घरी येऊन पहिले काम केले ते हे, की माझा पासवर्ड आणखी कुठे कुठे दिलेला आहे याची यादी करायला बसले. ती माझ्या अंदाजापेक्षा लांब निघाली.